बिननावाचे टाक

१

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. त्या वसाहतीत घड्याळाला मान नव्हता. मान होता भोंग्याला. पहिल्या भोंग्याला घरं उठत, दुसऱ्याला सायकली निघत. मारोतराव हटवार मात्र पहिल्या भोंग्याच्याही आधी उठत, कारण त्यांचा देव त्याआधी उठत असे.

भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातला हा माणूस कारखान्याच्या ओतशाळेत लाकडाचे नमुने करी. लोखंडाचा जो भाग ओतायचा तो आधी लाकडात कोरायचा. लाकूड वाळूत दाबलं की वाळूत त्याची उलटी पोकळी उमटते, आणि त्या पोकळीत तापलेला रस सोडतात. भिलाईला येण्याआधीपासून वीस वर्षं हेच केल्यामुळे उलटं काय आणि सुलटं काय हे मारोतरावांच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळे. डाव्या तर्जनीचं एक पेर करवतीने नेलं होतं. उरलेली बोटं कामात चोख होती.

क्वार्टर दोन खोल्यांचं, मागे भिंतीने घेरलेलं छोटं अंगण. पुढच्या खोलीत दाराच्या उजवीकडे देव्हारा. रशियाहून यंत्रं ज्या खोक्यांतून आली, त्या खोक्यांच्या फळ्यांचा तो मारोतरावांनी स्वतः केला होता; मागच्या फळीवर परक्या लिपीतली दोन काळी अक्षरं अजून दिसत. आत महादेवाची पिंड, अन्नपूर्णा, आणि वडिलांचा व आईचा असे दोन टाक. टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा, मागून ठोकून पुढे मूर्ती उठवलेला. घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करावा, देवांसोबत त्याला रोज आंघोळ घालावी, आणि आंघोळ घालताना त्याचं नाव घ्यावं, अशी त्यांच्या घरची रीत होती.

एवढ्या नेमाच्या माणसाला एकच छंद जडला होता. सरकारने नवे पैसे आणले, आणे-पै बाजारातून उठले, आणि ज्यांचं चलन सुटलं त्या नाण्यांविषयी मारोतरावांच्या मनात माया उपजली. पायासाठी जमीन खोदताना जुनी तांब्याची नाणी निघत. मजूर ती त्यांना आणून देत. रविवारी दुपारी ते पंचा पसरून नाणी मांडीत. बैलाची, हत्तीची, फारशी अक्षरांची, भोसल्यांच्या वेळचे जाड ढब्बू, आणि झिजून नुसत्या चकत्या झालेली. मांडली की मनच विसकटे. कोणतं पुढे ठेवावं, कोणतं मागे?

"बाबा, हा तर मीना बाजार होय," नलू हसून म्हणे. नलू ही त्यांची एकुलती लेक; एकोणीस वर्षांची, वैशाखात लग्न ठरलेली.

सुपेल्याच्या बाजारात तेजराम नावाचा सोनार बसे. मूळचा गोंदियाकडचा, जुन्या नाण्यांचा जाणता. त्याने मारोतरावांचा बिस्किटांचा डबा उघडून पाहिला आणि झाकण लावून टाकलं.

"हा संग्रह नोहे जी, हे भंगार होय."

"असं कावून म्हणतेस रे?"

"मंग काय म्हणू? जे भेटलं ते डब्ब्यात. एक काही तरी पकडा. एक राजा पकडा, नाही तर एक धातू पकडा, नाही तर एक गाव. दोन डोंग्यांवर पाय ठेवणारा मंधातच बुडते."

मारोतरावांना ते पटलं. देव तेहतीस कोटी आहेत म्हणून कोणी तेहतीस कोटी उंबरे झिजवीत नाही. एक रूप धरावं, त्याच्या पायी मन बांधावं, बाकीची रूपं मग त्यातच भेटतात. भक्तीत जे खरं ते छंदात खोटं कसं असेल? त्यांच्या ध्यानात एवढंच आलं नाही की, भक्त रूप धरतो ते कोणाचं आहे हे जाणून धरतो.

२

माघातल्या एका शनिवारी तेजरामने कागदाच्या पुडीतून एक चांदीचा तुकडा काढला. बदल्यात त्याला दागिने ओतायला लाकडाचा एक कोरीव नमुना हवा होता.

"रसमड्याकडं मुरमाच्या खदानीत गाडगं निघालं. त्यात हे असे तीन होते. बाकी गाडगं रिकामं. पाहा बरं, असं काही कुठं पाह्यलं का?"

नव्हतं पाहिलं. आठ आण्याच्या अधेलीएवढा गोल, पिंपळाच्या पानासारखा पातळ. मागून ठोकून पुढे एक उभा पुरुष उठवलेला. डावा हात वर केलेला, चेहरा पुसट. मागची बाजू नुसती पोकळी. ना अक्षर, ना राजाचं चिन्ह. नाण्याला एक तरी नाव असतं. याला नाव नव्हतं, गाव नव्हतं.

"नाणं होय का हे?"

"वजन बरोबर नाण्याचं आहे, बाकी तुमी जाणा," तेजराम म्हणाला.

मारोतरावांनी नमुना करून देण्याचं कबूल केलं आणि तुकडा घरी आणला. चांदी काळवंडली होती. चिंचेच्या पाण्यात भिजत ठेवायला भांडं शोधलं तर हाताशी आलं ते एक जुनं, काठाला चेपलेलं ताम्हण. ते पूजेतून कधीच काढलेलं होतं. त्यात तुकडा बुडवून त्यांनी ते देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ओतशाळेत तातडीचं काम निघालं आणि त्यांना पूजेआधीच जावं लागलं. अशा वेळी पूजा त्यांची पत्नी भागीरथा करी. दुपारी ते परतले तेव्हा ती दारातच उभी होती.

"अवो, नवा टाक केला तर सांगाचं तरी मले."

"कोणता टाक?"

"तामणात होता तो. दुधानं आंघोळ घातली, पाण्यानं घातली, हळद-कुंकू लावलं, अक्षता वाह्यल्या. मामाजींच्या बाजूले बसवला."

"नलूची माय, ते नाणं होय!"

भागीरथाने पदर तोंडाशी नेला. मग तिलाच राग आला. "नाणं तामणात कोण ठेवते? तामणात ठेवलं ते देव होय, नाही तर पितर होय. मले काय सपनं पडते?"

"अन् नाव काय घेतलं आंघोळ घालताना?"

"मले कुठं मालूम होतं नाव? म्हटलं, तुमच्याकडचा कोणी जुना असंन. म्हटलं, जे कोणी असान ते घरचेच, बसा."

मारोतराव देव्हाऱ्यापाशी गेले. वडिलांच्या टाकाशेजारी तो तुकडा टेकवलेला होता, कपाळी कुंकू, पायाशी तांदूळ. चिंचेने चांदी लखलखीत झाली होती. उचलायला हात पुढे केला आणि तसाच राहिला. कुंकू लावलेलं उचलायचं कसं?

शेजारच्या क्वार्टरात रुक्माबाई नावाची म्हातारी होती. रीतीभातींत वसाहतीतल्या मराठी घरांचा शेवटचा शब्द तिचा. तिला विचारलं. ती सुपारी कातरत होती, कातरतच राहिली.

"बसवला ना? मंग आता ते नाणं नाही राह्यलं. नाव घेऊन बसवलं असतं तर नाव घेऊन उठवता आलं असतं. बिननावाच्याले कोणत्या नावानं म्हणसान, ऊठ म्हणून?"

"मंग करू काय, आजी?"

"घरचा म्हटलं ना तुमच्या बायकोनं? घरच्यासारखा ठेवा. उपाशी ठेवू नका म्हणजे झालं."

३

खरं सांगायचं तर मारोतरावांना त्या रात्री शांत झोप लागली. इतके महिने जो प्रश्न सुटत नव्हता तो आपोआप सुटला, असं त्यांना वाटलं. जमवायचं ते हेच: एका अंगाची, मागून ठोकलेली चांदीची नाणी. बैल, हत्ती, ढब्बू हे सगळं त्यांनी दुसऱ्या रविवारी तेजरामच्या पुढ्यात ओतलं.

"ठरवलं?"

"ठरवलं. एकच विषय. बाकीचं आता मले नको."

तेजराम खूश झाला. "आता कसं माणसात आले!" त्याने दुसरी पुडी सोडली. तीत बाई होती. तोच घाट, तोच पत्रा, हात जोडलेले. तिसरी पुडी मात्र त्याने गल्ल्यातून काढली नाही.

"ती पोरगी होय. पण अपुरी आहे. चेहराच उठला नाही तिचा. हे तर न्या, मंग पाहू."

घरी भागीरथाने दुसरा तुकडा हातात घेतला आणि काहीही न विचारता ताम्हणात ठेवला. "नवरा घरात बसला अन् बायको पुडीत? शोभते का हे?" तिने आंघोळ घातली, तेच शब्द म्हटले, आणि बाईला पुरुषाच्या डावीकडे बसवलं. मारोतराव पाहत होते. थांबवावं असं त्यांच्या मनात आलं नाही. जोडी छान दिसत होती.

पंधरा-वीस दिवस गेले. रोज पहाटे लिंबू-राखेने घासणं, पाणी, गंध, अक्षता. आणि एका सकाळी पुसता पुसता मारोतरावांच्या अंगठ्याला पुरुषाचं नाक लागलं.

पहिल्या दिवशी नाक नव्हतं. चेहरा पुसट होता, त्यांना नीट आठवत होतं.

चांदी मऊ धातू. घासली की झिजते. वडिलांच्या टाकाचे डोळे वीस वर्षांच्या राखेने जवळपास गेले होते. इथे उलट होत होतं. मळ निघाला म्हणून उठाव दिसू लागला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण ते कारागीर होते; मनाच्या सांगण्यावर माप सोडणारे नव्हते. त्यांनी मेणाचा गोळा मऊ करून त्यात तुकड्याचा ठसा घेतला आणि जपून ठेवला. दहा दिवसांनी दुसरा घेतला. दोन्ही ठसे उजेडात शेजारी धरले.

दुसरा जास्त खोल होता. त्यात पापण्या होत्या.

४

चैत्र लागला, उन्हाने क्वार्टराच्या भिंती तापू लागल्या, आणि घर लहान झालं. भिंत एक बोटभरही सरकली नव्हती. पण पूर्वी तिघांना पुरणाऱ्या खोलीत आता येता-जाता अंग चोरावं लागे. जेवायला बसताना नलू पाच पाट मांडी, आणि मग थबकून दोन उचली.

"पाच कावून मांडले गं?"

"काय माहीत, बाबा. गिनती चुकली. शादी की फिकर," ती हसून टाके. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती हसली नाही.

दुपारी मागच्या खोलीत पडल्या पडल्या मारोतरावांना पुढच्या खोलीतून आवाज येई. थकलेलं माणूस पाटावर टेकतं तेव्हा पाट जसा हलकेच कुरकुरतो, तसा. उठून पाहावं तर पाट भिंतीशी उभे. लाकूड उन्हाने फुगतं-आटतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? ते परत येऊन पडत. मग दुसरा पाट कुरकुरे, जरा हलका, बाईमाणसाचा.

एकदा पूजा करताना त्यांच्या लक्षात आलं की आपण डावीकडे सरकलो की पुरुषाची नजर डावीकडे येते, उजवीकडे सरकलो की उजवीकडे. त्यांनी चटकन हात मागे घेतला, पण लगेच त्यांना हसू आलं. हे तर कामावरचं रोजचं! साच्याच्या पोकळीत मुखवटा असला की तो पाहणाऱ्याकडे वळतो असा भास होतो. खोलगट चेहऱ्याचा तो दृष्टिभ्रमच आहे. भागीरथाने तुकडा उलटा टेकवला असणार, पोकळी पुढे. झालं. त्यांनी सुलटा करायला हात घातला आणि बोटांनी, डोळ्यांच्या आधी, सांगितलं: उठाव पुढेच आहे.

उठावाचा चेहरा वळत नाही. कधीच वळत नाही.

त्याच आठवड्यात भागीरथाचं बाजारात जाणं बंद झालं. पिशवी घेऊन ती दारापर्यंत जाई, चप्पल घाली, आणि चप्पल काढून परत येई. "ऊन लय आहे." मग, "संध्याकाळी जाईन." मग काहीच नाही. रुक्माबाईने हळदी-कुंकवाला बोलावलं तेव्हा नटून उंबऱ्याशी उभी राहिली आणि अर्ध्या तासाने तशीच येऊन देव्हाऱ्यासमोर बसली.

"काय झालं?"

"काई नाही. पाय उचलत नाही. इथंच बरं वाटते मले. इथं बसलं की बरं वाटते."

मारोतराव रागावले, आणि दुसऱ्या दिवशी सायकलवरून कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन, समई विझवली की नाही या शंकेने परत आले. समई विझलेली होती. त्यानंतर ते चौकातून परतले. त्यानंतर पहिल्या झाडापासून. पहारेकऱ्याने एकदा त्यांचा पास उन्हात धरून डोळे बारीक केले होते: "बाबूजी, इसमें तो फोटो ही नहीं दिख रहा." लग्नघर म्हणून त्यांना रजा मिळाली. मग नऊ दिवस त्यांनी उंबरा ओलांडला नाही. लोकांना वाटलं, लग्नाची धावपळ. धावपळ बाकीचेच करीत होते.

देव्हाऱ्यात बसवलेला टाक देव्हाऱ्यातच राहतो. हे वाक्य त्यांच्या मनात आलं तेव्हा ते नामस्मरण करीत होते. त्यांनी ते नामाने झाकून टाकलं.

५

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ऊन सरळ देव्हाऱ्यात आलं आणि मारोतरावांनी पुरुषाचा वर केलेला हात पाहिला. चार बोटं सरळ होती. तर्जनी पेरभर अपुरी होती.

त्यांनी आपला डावा हात त्या हातासमोर धरला. मग बाईकडे पाहिलं. भागीरथाच्या हनुवटीवर लहानपणी गोंदवलेले तीन ठिपके होते. बाईच्या हनुवटीवर तीन ठिपके होते, मोहरीएवढे, नीट उठलेले.

"नलूची माय," त्यांनी हाक मारली, "इकडं पाह्य जरा."

ती कणीक मळता मळता वळली. तिच्या हनुवटीवर काहीच नव्हतं.

मारोतराव खाली बसले. त्यांच्या मनात त्या क्षणी स्वतःचा विचार आला नाही, भागीरथाचाही नाही. तीन होते, तेजराम म्हणाला होता. तिसरी पोरगी. उद्या नलूने या घराचा उंबरा ओलांडायचा होता. तिसरा तुकडा त्या ताम्हणात पडला तर ती ओलांडणार नव्हती. मायसारखी चप्पल घालील आणि काढील, नवरा दाराबाहेर उभा राहील, आणि ती म्हणेल, इथंच बरं वाटते मले.

दुपारी तेजराम जोडवी घेऊन आला. मारोतरावांनी त्याला दारातच गाठलं, उंबऱ्याच्या आतून.

"तेजराम, मी विषय बदलला. मले बैलाचीच नाणी पाह्यजेत. ते चांदीचं आता नको. तिसरं आणू नको, इथं आणूच नको, नदीत टाक त्याले."

"वा जी! ठरवलं म्हणे, अन् आता बदललं म्हणे. संग्रह होय का सरड्याचा रंग होय?" तेजराम हसला. "अन् मी काय टाकू? ते तर नलूबाई काल घेऊन गेली. सांगू नको म्हणे बाबाले."

नलू मागच्या अंगणात मैत्रिणींच्या घोळक्यात हळदीने पिवळी झालेली होती. मारोतरावांनी तिला बाजूला घेतलं.

"तेजरामकडून काय आणलं? दे मले."

"पेट में बात नहीं टिकती उसके!" ती लटकी रागावली. "उद्या देईन. आज नाही."

"आज दे, बेटा."

"कावून?"

यावर काय सांगायचं? तो तुकडा तू आहेस, असं म्हटलं की झालंच. म्हणणं हेच तर नाव ठेवणं. बिननावाच्या त्या पत्र्याला नलूचं नाव आपल्याच तोंडाने द्यायचं? मैत्रिणींनी नलूला ओढून नेलं. तिची पेटी, बिछाना, चोळ्यांची बोचकी मारोतरावांनी संध्याकाळपर्यंत उलथीपालथी केली. पाहुण्या बायका एकमेकींना म्हणाल्या, लेकीच्या बापाचं मन, दुसरं काय.

६

लग्नाच्या सकाळी देवक बसतं. घरचे सगळे देव, सगळे टाक ताम्हणात उतरवून त्यांना आंघोळ घालायची, एकेकाचं नाव घेऊन लग्नाचं बोलावणं करायचं. मागच्या अंगणात मांडव होता, पण देवक देव्हाऱ्यापुढेच. भागीरथा पळी-पंचपात्र घेऊन बसली, शेजारी मारोतराव. भागीरथाचा भाऊ गुलाबराव आणि रुक्माबाई समोर. पिंड, अन्नपूर्णा, वडील, आई यांची नावं झाली. मग बिननावाची जोडी. भागीरथाने त्यांना अशा मायेने उचललं की रुक्माबाई देखील सुपारी चघळायची थांबली.

तेवढ्यात नलू आली. हातात कुंकवाची डबी. तिने ती उघडली आणि तिसरा तुकडा ताम्हणात अलगद ठेवला.

"बाबा, तुमचा संच अपुरा टाकून मी जाऊ कशी? एकच विषय धराचा होता ना तुमाले? घ्या. पूर्ण झाला."

मारोतरावांनी पाहिलं. पोरीची आकृती, हात खाली सोडलेले, चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत उंचवटा. नलूच्या अंगावर जन्मखूण नव्हती, गोंदण नव्हतं, व्रण नव्हता. ही तीच की कोणी दुसरी, हे ओळखायला जगात काही साधन नव्हतं.

"हिचं नाव काय घेऊ?" भागीरथाने विचारलं. पळी पाण्याने भरलेली, वर उचललेली. "या खेपेले बिननावाचं नको. मंगल काम आहे. सांगा ना, नाव काय घेऊ?"

सगळे मारोतरावांकडे पाहू लागले. त्यांनी शंभर नावं आठवू पाहिली. देवींची, नद्यांची, गावातल्या गेलेल्या बायकांची. जिभेवर एकच नाव येत होतं, आणि ते बाहेर पडायला धडपडत होतं.

पाणी पळीच्या काठावरून ओघळलं. मारोतरावांनी झडप घालून तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

ओठ घट्ट मिटले. गुलाबराव भांबावला. "अवो भाऊजी, हे काय?"

रुक्माबाईने त्यांच्या मिटलेल्या ओठांकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाली, "मौन धरलं त्यायनं. लेकीसाठी. बोलू नका त्यायले."

७

दिवसभर मारोतराव बोलले नाहीत. अक्षता पडल्या, कन्यादान झालं; बोलायचं ते गुलाबराव बोलला. पंगती उठल्या. त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. फक्त मनातल्या मनात नाम चाललं होतं, पाचव्या वर्षापासून चालत आलेलं. तेवढाच एक दोर हाताशी होता.

नाम मनातलं असलं तरी जीभ हलतेच, किंचित. दुपार कलली तेव्हा त्यांना कळलं की दर नामासरशी जीभ त्या चांदीवरून फिरते आहे. तोंडात पाणी सुटतं आहे. पाणी घालून, नाम घेऊन, सकाळपासून त्यांनी तिला हजारो आंघोळी घातल्या होत्या. ताम्हणातून वाचवली आणि आपण स्वतःच तिचं ताम्हण झालो. आता थुंकून उपयोग नव्हता. जिथे आंघोळ झाली तिथेच ती बसली होती.

मारोतरावांनी नाम थांबवलं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या आत काहीच चाललेलं नव्हतं. त्या शांततेत जिभेच्या टोकाखाली, गुळगुळीत होतं तिथे, एक बारीक कडा लागली. खालचा ओठ. मग वरचा.

दुर्गच्या स्टेशनाला जायला दाराशी जीप उभी होती. नवरदेव आणि त्याचे वडील आधीच जाऊन बसले. नलू उंबऱ्याशी आली. भागीरथा तिला कवटाळून रडली. रडताना एक पाऊल पुढे सरकली नाही. मग नलूने बापाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बाबा, येतो मी."

याचं उत्तर एकच असतं. निघालेल्याला आपल्यात 'जा' म्हणत नाहीत, ते अभद्र. वैऱ्यालाही म्हणत नाहीत. 'ये' म्हणतात. पण 'ये' म्हणजे शेवटी 'ये'. या घरात उभं राहून, तोंडात ही बसलेली असताना, तो शब्द नलूला निरोप ठरेल की परत आत बोलावणं?

नलूने पाऊल उचललं, आणि उंबऱ्याच्या आतच परत ठेवलं. तिने खाली आपल्या पायाकडे पाहिलं, मग बापाकडे. तिच्या चेहऱ्यावर नुसतं नवल होतं.

"बाबा, पाय उचलत नाही माझा. तुमी काई म्हणा ना. एकदा म्हणा, म्हणजे जाईन."

गुलाबराव कुजबुजला, "आता तोडा ते मौन. 'ये' म्हणा पोरीले."

मारोतरावांनी चांदी दाढेखाली दाबली. दात करकरले. मग सगळ्या पाहुण्यांदेखत, भरल्या मांडवाच्या दिवशी, त्यांनी मुलीच्या तोंडावर शब्द फेकला.

"जा!"

"अवो, काय बोलले हे!" भागीरथा किंचाळली. नलूचं तोंड पांढरंफटक पडलं. तिने दोन्ही हातांनी पदर सावरला, वळली, आणि त्या अपमानाच्या भरात उंबरा ओलांडून गेली. एक पायरी, दोन पायऱ्या. जीपचं दार लागलं. तांबड्या धुळीचा लोट उठला.

ती गेली. मारोतराव चौकटीला धरून उभे होते, डोळे वाहत होते, आणि त्या डोळ्यांत समाधान होतं. त्यांनी ओठ मिटून घेतले. खात्रीसाठी वरून तळहातही दाबून धरला.

मिटलेल्या ओठांआड, तळहाताखाली, त्यांची जीभ तसूभरही हलली नसताना, एक कोवळा आवाज हळूच म्हणाला,

"ये."

वळणावर पोचलेली जीप थांबली.